कांदळवनातील बुरशी आणि उद्याची औषधे

मुंबईहून नवी मुंबईकडे जाणारी आगगाडी ठाण्याच्या खाडीवरील पुलावर आली, की पाण्याच्या कडेने हिरव्या झाडीची दाट किनार दिसू लागते. भरतीच्या वेळी ही झाडे अर्धीअधिक पाण्यात असतात. ओहोटी लागली, की त्यांच्या पायथ्याशी काळाभोर चिखल उघडा पडतो आणि त्यातून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींप्रमाणे वर डोकावू लागतात. हेच कांदळवन. किनाऱ्याची धूप रोखणारे, वादळाचा जोर कमी करणारे आणि कोळंबी, खेकडे व मासळी यांच्या पिलांना आसरा देणारे वन म्हणून त्याचे महत्त्व आता सर्वमान्य झाले आहे.

तथापि या वनाची आणखी एक बाजू आहे व तिची माहिती अद्याप फारशी प्रसृत झालेली नाही. कांदळवनातील झाडांच्या पानांत, खोडांत व मुळांत डोळ्यांना न दिसणारी बुरशी वास्तव्य करून असते. ही बुरशी जी रासायनिक द्रव्ये तयार करते, त्यांपैकी काही द्रव्ये रोगकारक जीवाणूंना मारक ठरतात, असे गेल्या सुमारे तीन दशकांतील संशोधनात दिसून आले आहे. जुनी प्रतिजैविके एकामागून एक निष्प्रभ होत असताना या संशोधनाला विशेष अर्थ प्राप्त झाला आहे. त्यातून काय अपेक्षावे, काय अपेक्षू नये, आणि किनाऱ्यावरील गावांचा त्याच्याशी कोणता संबंध पोहोचतो, याचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

औषधे निष्प्रभ का होतात?

न्यूमोनिया, विषमज्वर, क्षय किंवा चिघळलेली जखम यांसारखे अनेक विकार जीवाणूंमुळे होतात. त्या जीवाणूंचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ थांबविणाऱ्या औषधांना प्रतिजैविके म्हणतात. एखाद्या रुग्णास असे औषध दिले असता बहुतेक जीवाणू मरतात. परंतु त्यांच्यात उपजत फरक असल्यामुळे एखाद-दुसरा तग धरून राहतो. औषध अपुऱ्या मात्रेत घेतले, किंवा गरज नसताना वारंवार घेतले, तर अशा चिवट जीवाणूंनाच वाढण्यास मोकळे रान मिळते. शिवाय प्रतिकाराचा हा गुण एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूस देऊ शकतो.

हा धोका नवा नाही. पेनिसिलिनचे जनक सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच अपुऱ्या मात्रेच्या दुष्परिणामांविषयी इशारा दिला होता. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जीवाणूंसाठी मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये वापरात आले आणि १९६१ मध्येच त्यालाही दाद न देणारे जीवाणू ब्रिटनमध्ये आढळले. आज हा प्रश्न जागतिक झाला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले. भारत सरकारने या संकटाच्या निवारणार्थ २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा तयार केला. असलेली औषधे जपून वापरणे व नव्या औषधांचा शोध घेणे हे या लढ्याचे दोन भाग होत. कांदळवनातील बुरशीचा संबंध येतो तो दुसऱ्या भागाशी.

बुरशीचे ऋण

बुरशी म्हटली, की शिळी भाकरी किंवा पावसाळ्यात खराब झालेले लोणचे आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु वैद्यकशास्त्रावर बुरशीचे ऋण फार मोठे आहे. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात १९२८ साली फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत पेनिसिलियम जातीची बुरशी अनाहूतपणे वाढली आणि तिच्याभोवतीचे जीवाणू नाहीसे झाले. त्या निरीक्षणातून पेनिसिलिन हाती आले. आपल्या राज्यात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला, तो याच औषधाच्या उत्पादनासाठी.

दुसरे उदाहरण समुद्रकाठचेच आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील कॅग्लिआरी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू या वैद्यकीय प्राध्यापकांनी १९४५ साली एक वेगळाच विचार केला. शहराचे सांडपाणी जेथे समुद्रास मिळते, तेथील पाणी आपोआप शुद्ध होत असावे, असे त्यांना वाटले. तेथील पाण्यातून त्यांनी एक बुरशी मिळविली व तिचा अर्क अनेक रोगजंतूंना मारतो, हे दाखवून दिले. पुढे ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी त्या बुरशीपासून सेफॅलोस्पोरिन सी हे द्रव्य वेगळे केले. आज तालुक्याच्या रुग्णालयांतूनही सर्रास वापरली जाणारी सेफॅलोस्पोरिन वर्गातील औषधे या शोधातून निपजली. खारे पाणी, गाळ आणि जीवाणूंची दाटी असलेली जागा उपयुक्त बुरशीचे घर असू शकते, हा धडा त्यातून मिळतो. कांदळवन ही नेमकी अशीच जागा होय.

पानाच्या आतील बिऱ्हाड

वनस्पतीच्या अंतर्भागात राहूनही तिला वरकरणी कोणताही रोग न जडविणाऱ्या बुरशीस शास्त्रीय परिभाषेत ‘एन्डोफाइट’ असे म्हणतात. आपण तिला अंतर्वासी बुरशी म्हणू. तिचे बीजाणू वाऱ्याने व पाण्याने पानावर येऊन पडतात, रुजतात आणि त्यांचे सूक्ष्म तंतू पानाच्या पेशींमधील पोकळीत शिरतात. झाड तिला आसरा व अन्न देते. त्या बदल्यात काही बुरशी झाडाचे किडी व रोग यांपासून रक्षण करतात, असे आढळले आहे. तथापि हा सलोखा नेहमीच टिकतो असे नाही. झाड अशक्त झाल्यावर यांतील काही बुरशी रोगकारकही बनतात.

कांदळवनातील झाडांचे जीवन खडतर असते. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी येते, मीठ साचते, चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि वर कडक ऊन तळपत असते. तिवराचे झाड तर नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. ऊन पडल्यावर त्याच्या पानावर मिठाचे कण चमकताना दिसतात व पान जिभेला लावताच खारट चव कळते. अशा परिस्थितीत राहणाऱ्या बुरशीलाही जगण्यासाठी निरनिराळी रासायनिक द्रव्ये तयार करावी लागतात. एकाच पानात अनेक बुरशी व जीवाणू जागेसाठी आणि अन्नासाठी स्पर्धा करीत असतात. प्रतिस्पर्ध्यास दूर ठेवण्याकरिता एकाने निर्माण केलेले द्रव्य मानवाच्या रोगजंतूंविरुद्धही उपयोगी पडू शकेल, हे या संशोधनामागील मूळ सूत्र आहे.

पिचावरम येथील अभ्यास

आपल्या देशात या विषयाचा पद्धतशीर पाया घालणारे काम तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील पिचावरम येथील कांदळवनात झाले. चेन्नईच्या विवेकानंद महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. सूर्यनारायणन आणि त्यांचे सहकारी व्ही. कुमारेसन यांनी तेथील सात प्रमुख वृक्षजातींच्या पानांतील अंतर्वासी बुरशींची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९९८ मध्ये कांदळाच्या दोन जातींवरील अभ्यासात, कोरड्या महिन्यांपेक्षा पावसाळी महिन्यांत पानांतून अधिक बुरशी मिळते, असे दिसून आले होते.

याच शास्त्रज्ञांनी कोवळी, पक्व आणि पिकलेली पाने यांचीही तुलना केली. पान जसजसे जुने होते, तसतशी त्यातील बुरशीची वस्ती वाढत जाते, आणि पान गळून चिखलात पडल्यावर त्याचे विघटन करण्याच्या कामात हीच बुरशी हातभार लावते, असे त्यावरून दिसते. कुजलेल्या पानांवर सूक्ष्म जीव पोसले जातात, त्यांच्यावर कोळंबी व खेकडे, आणि त्यांच्यावर मासे. म्हणजे औषधाचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तरी खाडीतील मासेमारी करणाऱ्या कुटुंबाच्या चुलीशी या बुरशीचे नाते जोडलेले आहेच.

पानापासून प्रयोगशाळेपर्यंत

अंतर्वासी बुरशी मिळविण्याची पद्धत समजण्यास कठीण नाही. निरोगी पान वाहत्या पाण्यात धुऊन अल्कोहोल व जंतुनाशक द्रावणात काही क्षण बुडवितात, म्हणजे पृष्ठभागावरील उपरे जीव मरतात. नंतर त्याचे लहान तुकडे करून ते आगर या पोषक थरावर काचेच्या बशीत ठेवतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून पांढरे, करडे किंवा हिरवट तंतू बाहेर येऊ लागतात. ही आतली रहिवासी बुरशी. तिला वेगळे करून तांदूळ किंवा द्रवरूप पोषकात काही आठवडे वाढवितात व तिने निर्माण केलेली द्रव्ये विद्रावकाच्या साहाय्याने काढून घेतात.

हा अर्क शोषलेली कागदाची चकती जीवाणू पेरलेल्या बशीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जीवाणूरहित वर्तुळ दिसले, तर अर्कात काही मारक द्रव्य आहे, असे समजावयाचे. त्यापुढे अर्कातील शेकडो द्रव्यांतून ते नेमके द्रव्य वेगळे करणे, त्याची रचना ठरविणे आणि ते नवे आहे की पूर्वीच ज्ञात आहे, हे तपासणे, ही खरी मेहनतीची कामे असतात. अनेकदा वर्षभराच्या परिश्रमांनंतर हाती आलेले द्रव्य फार पूर्वीच शोधले गेलेले आहे, असे आढळून येते.

आणखी एक अडचण आहे. स्पर्धक नसलेल्या बशीत बुरशी जणू आळसावते व तिच्या अंगी असलेली अनेक द्रव्ये निर्माणच करीत नाही. यावर उपाय म्हणून तिला एखाद्या जीवाणूच्या सोबतीने वाढविण्याची युक्ती योजण्यात येते. कांदळवनाबाहेरील एका वनस्पतीतून मिळालेली फ्युझेरियम जातीची बुरशी जीवाणूच्या सहवासात वाढविली असता तिच्यातील काही द्रव्यांचे प्रमाण ७८ पटींपर्यंत वाढल्याचे २०१३ मध्ये नमूद करण्यात आले. त्यांपैकी काही द्रव्ये रोगजंतूंना मारक होती.

जीवाणू मरणे म्हणजे औषध मिळणे नव्हे

येथे वाचकांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. बशीतील जीवाणू मारणारे द्रव्य आणि रुग्णास देण्याजोगे औषध यांत फार मोठे अंतर असते.

पहिला प्रश्न मात्रेचा. चीनच्या हैनान बेटावरील कांदळाच्या पानांतून मिळालेल्या पेस्टॅलोशिऑप्सिस या बुरशीपासून पेस्टॅलोशिओपेन ए नावाचे नवे संयुग मिळाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. हे संयुग एन्टेरोकॉकस फेकॅलिस या जीवाणूस रोखते. परंतु त्यासाठी दर मिलिलिटरला शंभराहून अधिक मायक्रोग्रॅम एवढे द्रव्य लागते. प्रभावी प्रतिजैविके बहुधा एक-दोन मायक्रोग्रॅममध्ये, किंवा त्याहूनही कमी मात्रेत, आपले काम करतात. शास्त्राच्या दृष्टीने असे संयुग मोलाचे असते, कारण त्याची रचना नवी असते व तिच्यात सुधारणा करता येते. मात्र ते औषध ठरत नाही.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. पेनिसिलिन जीवाणूच्या पेशीभित्तिकेच्या बांधणीत अडथळा आणते. मानवी पेशींना अशी भित्तिका नसल्यामुळे आपल्याला त्याची बाधा होत नाही. प्रत्येक द्रव्य असे निवडक काम करीत नाही. कांदळवनातही आढळणारी पेनिसिलियम सिट्रिनम ही बुरशी सिट्रिनिन नावाचे द्रव्य तयार करते. ते जीवाणूंना मारते खरे, परंतु मूत्रपिंडास अपाय करते. त्यामुळे औषध म्हणून ते मागे पडले आणि आज धान्यातील विषारी द्रव्य म्हणूनच ओळखले जाते.

तिसरा प्रश्न काळाचा. प्ल्यूरोम्युटिलिन हे जीवाणूरोधक द्रव्य एका छत्रीच्या जातीच्या बुरशीतून १९५१ मध्ये मिळाले. त्यापासून बनविलेले लेफाम्युलिन हे औषध न्यूमोनियाच्या रुग्णांस पोटातून व शिरेतून देण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये. मधे ६८ वर्षे लोटली.

कांदळवनातील अंतर्वासी बुरशीपासून बनलेले एकही प्रतिजैविक आजवर औषधाच्या दुकानात आलेले नाही. म्हणून तिवराचा किंवा कांदळाचा पाला उकळून प्याल्याने संसर्ग बरा होईल, असे कोणी समजू नये. पानातील बुरशीच्या द्रव्याचे प्रमाण अत्यल्प असते व त्याबरोबर अपायकारक द्रव्येही पोटात जाण्याचा संभव असतो. हे संशोधन म्हणजे शक्यतांचा साठा आहे. तो साठा शाबूत राहिला, तरच पुढील पिढीचे शास्त्रज्ञ त्यात शोध घेऊ शकतील.

साठा कोणाच्या हाती?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात ४,९९२ चौरस किलोमीटर कांदळवन असून त्यापैकी ३२४ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीस राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेल्या आदेशाने कांदळवनांच्या तोडीस बंदी घातली, आणि २०१८ च्या निर्णयात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे स्पष्ट केले.

तथापि कांदळवन केवळ कुऱ्हाडीनेच मरते असे नाही. त्याच्या कडेला भराव टाकला, किंवा बांध घालून भरतीचे पाणी अडविले, तरी झाडे उभ्या उभ्या सुकतात. झाड सुकले, की त्याच्या पानांतील बिऱ्हाडही उठते. ज्या बुरशीची नोंदच झालेली नाही, ती गेल्याचे कोणास कळणारही नाही.

या बाबतीत महाराष्ट्राची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. बुरशी जिवंत स्थितीत जपून ठेवणारा राष्ट्रीय संग्रह पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहे. त्याच शहरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्मजीवांचा संग्रह असून सूक्ष्मजीव-संपदेचे राष्ट्रीय केंद्रही तेथेच आहे. शेजारच्या गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी बुरशीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. पानातून वेगळी केलेली बुरशी अशा संग्रहात ठेवली, तर ती पुढे कधीही अभ्यासासाठी उपलब्ध होऊ शकते.

पंचायतीचा अधिकार व शाळेचे काम

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये जैविक संसाधनांत वनस्पती व प्राणी यांच्याबरोबर सूक्ष्मजीवांचाही समावेश होतो, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. खाडीकाठच्या पानातील बुरशी हीदेखील कायद्याच्या दृष्टीने संपत्ती आहे. परदेशी व्यक्ती वा संस्थेस ती संशोधनासाठी मिळवावयाची असल्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वसंमती घ्यावी लागते. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, आणि त्या क्षेत्रातील संसाधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना तिचा सल्ला घेतला जावा, अशी तरतूद आहे. संसाधनांपासून मिळणाऱ्या लाभात न्याय्य वाटणी व्हावी, हाही या अधिनियमाचा एक उद्देश आहे.

बुरशीची ओळख पटविणे हे गावाचे काम नव्हे. परंतु आपल्या हद्दीतील खाडीकाठी तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी यांपैकी कोणती झाडे आहेत, कोठे दाट व कोठे विरळ आहेत, पूर्वी कोठे होती व आता नाहीत, हे जुन्याजाणत्या कोळी बांधवांइतके अचूक कोणीही सांगू शकणार नाही. नोंदवहीत ही माहिती उतरली, तर संशोधकास नमुना कोठून घ्यावा हे कळेल आणि भराव पडू लागताच तक्रारीस लेखी आधार मिळेल.

शिक्षकांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. तिवराच्या पानावरील मीठ दाखविणे, गळलेले पान आठवड्यागणिक कसे बदलते याची टिपणे ठेवणे, असे साधे उपक्रम किनाऱ्यावरील शाळांना घेता येतील. अनोळखी बुरशी वर्गात उघड्यावर वाढविण्याचा प्रयोग मात्र करू नये. त्याच तासाला विद्यार्थ्यांस हेही सांगता येईल, की सर्दी-पडशासारखे आजार विषाणूंमुळे होतात व त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याविना अशा गोळ्या घेऊ नयेत, आणि दिलेले औषध त्यांनी सांगितल्याप्रमाणेच घ्यावे.

कारण नवे औषध मिळण्यास किती काळ लागतो, हे आपण वर पाहिले. तोपर्यंत हाती असलेल्या औषधांवरच रुग्णांचा भार राहणार आहे. गावच्या दवाखान्यात जपून वापरलेली गोळी आणि गावच्या खाडीकाठी जपलेले तिवर ही दोन्ही कामे एकाच रोगाविरुद्धची आहेत. त्यांपैकी पहिले प्रत्येक कुटुंबास करता येईल. दुसरे किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी आपल्या पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर अवश्य घ्यावे.